वाटेत सायकलची हवा गेली तर

मार्च महिन्यातली गोष्ट सांगतो. दहावीची परीक्षा सुरू होती. आमच्या शाळेतली एक मुलगी आतल्या वस्तीवरून सायकलने केंद्रावर यायची. अंतर साडेचार किलोमीटर. शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकली मिळतात, त्यांतलीच ही एक. पेपर 11 वाजता, आणि साडेदहाला केंद्रावर हजर व्हावं लागतं. ही लेक घरून साडेनऊला निघाली, आणि फाट्याच्या अलीकडे ओढ्यापाशी तिचं मागचं चाक बसलं. पंक्चरचं दुकान फाट्यावर, आणि फाटा दोन किलोमीटर पुढे.

सायकल हातात धरून ती चालू लागली. मागून एक दूधवाले आजोबा आले. त्यांच्या सायकलच्या दांड्याला पंप बांधलेला होता. त्यांनी हवा मारून पाहिली. मारली की फुस्स करून बाहेर. पुन्हा मारली, पुन्हा तेच. मग आजोबांनी व्हॉल्व्हची चाकी फिरवली, आतली पिन उपसली आणि म्हणाले, “पोरी, टायरात काटाबिटा काई न्हाई. हिची वॉलट्यूब सडलीय बघ.” त्यांनी कमरेची तंबाखूची चंची काढली, तिच्यातून दोन बोटं लांब रबरी नळीचा तुकडा काढला, त्यातला थोडा पिनेवर चढवला, हवा भरली, आणि मुलगी 10 वाजून 25 मिनिटांनी केंद्रावर पोचली. हे सगळं तिनं मला पेपर सुटल्यावर सांगितलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक विचार घोळतो आहे. आपण मुलींना सायकली दिल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. पण सायकल बंद पडली तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं? आणि मुलींचंच कशाला, नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर ठायी ठायी पंक्चरची दुकानं आहेत, म्हणून आपण सगळेच निर्धास्त असतो. त्या रस्त्यावरून एखाद्या फाट्याला आत वळा. पाच-सात किलोमीटर गाव लागत नाही, लागलंच तर दुकान नाही, आणि दुकान असलंच तर दुकानदार लग्नाला गेलेला! अशा वाटेवर हवा भरायची काय सोय आपल्याजवळ असावी, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

पण पंपाकडे वळण्याआधी त्या आजोबांनी केलं ते आधी समजून घेऊ. हवा गेली म्हणजे पंक्चर झालं, असं आपण धरूनच चालतो. आपल्या साध्या सायकलच्या ट्यूबला जो व्हॉल्व्ह असतो त्याला वुड्स व्हॉल्व्ह किंवा डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. त्याची रचना गमतीची आहे. आत एक पितळी किंवा लोखंडी पिन असते. पिनेला वरून आत जाणारं भोक असतं आणि ते मध्येच बाजूला उघडतं. ह्या बाजूच्या भोकावर एक बारीक रबरी नळी घट्ट बसवलेली असते, तीच वॉलट्यूब. पंपानं हवा दाबली की ती भोकातून येते, रबर थोडं फुगवते आणि फटीतून ट्यूबमध्ये शिरते. पंप थांबला की आतली हवा त्याच रबराला बाहेरून दाबून धरते, आणि वाट बंद होते. म्हणजे चोरानंच दरवाजा लावून घ्यावा तसा प्रकार! ना स्प्रिंग, ना झडप.

आता हे रबर आपल्या उन्हात किती दिवस टिकणार? एप्रिल-मेच्या उन्हात सायकल अंगणात उभी राहते. रबर चिकट होतं, चिरतं, कधी पिनेलाच चिकटून बसतं. मग हवा एक तर राहत नाही, नाहीतर आत जातच नाही. म्हणून चाक बसलेलं दिसलं की पहिल्यांदा थोडी हवा भरा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोटानं पाण्याचा थेंब ठेवा. पाणी नसलं तर थुंकी चालते, वाटेत कोण पाहतो! थेंबात बुडबुडा आला तर दोष रबराचा. चाकी फिरवा, पिन काढा, जुनं रबर नखानं खरवडून काढा, नवा तुकडा ओला करून चढवा. बाजूचं भोक झाकलं जाऊन पुढे थोडं रबर उरलं पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे, आणि रबराचा तुकडा चहाच्या कपाहूनही स्वस्त मिळतो. तो खिशात नसेल तर हजार रुपयांचा पंपही कुचकामी.

दुसरा दोष अर्थातच काट्याचा. आपल्या भागात बाभूळ आहे, वेडी बाभूळ आहे, कुंपणाला टाकलेल्या फांद्या रस्त्यावर येतात. पण सायकलचा खरा वैरी सराटा. पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरणारी, पिवळ्या फुलांची ही वेल गुराखी पोरांना चांगली माहीत आहे, वैद्य तिला गोखरू म्हणतात. तिचं फळ वाळलं की त्याचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा असा घडलेला असतो की तो कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. झाडाला आपलं बी दूर न्यायचं असतं. पूर्वी ते जनावरांच्या खुरांतून जाई, आता आपल्या टायरांतूनही जातं. सुगीनंतर पायवाटेनं सायकल घातलीत तर टायर फिरवून पाहत जा.

सराटा टोचलेला दिसला की हात शिवशिवतो, उपटून टाकावासा वाटतो. घाई करू नका. दोन-तीन किलोमीटरच जायचं असेल आणि हवा हळूहळू जात असेल, तर काटा तसाच राहू द्या. त्यानं पाडलेलं भोक तोच अर्धंअधिक बुजवून धरतो. हवा भरा, चाला, पुन्हा लागली तर पुन्हा भरा, आणि घरी किंवा दुकानात गेल्यावर उपटा. लांब जायचं असेल तर मात्र काटा काढून, ठिगळ लावून, टायरच्या आतून बोट फिरवून मगच हवा भरावी. आत मोडलेलं टोक राहिलं तर केलेलं सगळं काम पाण्यात.

आता पंप. इथं आपल्या गुरुजनांनी जरा कान द्यावा, कारण ह्यात सातवी-आठवीच्या मुलांना आवडेल असं गणित आहे.

आपल्या 28 इंची साध्या सायकलच्या एका ट्यूबमध्ये सुमारे अडीच लिटर हवेची जागा असते. पण अडीच लिटर हवा भरली तर ट्यूब नुसती आकाराला येईल. स्वाराचं ओझं पेलायला हवा दाबून भरावी लागते. दुकानदार ‘पौंडा’त बोलतात, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड. आपल्या सायकलला साधारण 40 ते 50 पौंड हवा लागते. नेमका आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो. भोवतालच्या हवेचा दाब सुमारे 15 पौंड. तेव्हा 45 पौंड म्हणजे भोवतालच्यापेक्षा तिप्पट जादा दाब झाला, आणि पूर्ण बसलेली ट्यूब भरायला अडीचच्या चौपट, म्हणजे 10 लिटर बाहेरची हवा आत कोंबावी लागते. रॉबर्ट बॉइल ह्या शास्त्रज्ञानं 1662 साली हवेच्या दाबाचा आणि आकारमानाचा जो नियम मांडला, तोच हा.

एवढी हवा किती झटक्यांत जाईल? घरी जमिनीवर उभा करून दोन्ही हातांनी दाबतो तो मोठा पंप एका झटक्यात सव्वातीनशे ते चारशे मिलिलिटर हवा ढकलतो. त्याचे तीसेक झटके पुरतात. दांड्याला बांधायचा हातभर लांबीचा पंप झटक्याला दीडशे मिलिलिटरच्या आसपास देतो. त्याचे सत्तर-ऐंशी झटके लागतात. आणि हल्ली दप्तरात मावणारे, वीतभर लांबीचे जे पंप मिळतात ते झटक्याला जेमतेम 45 मिलिलिटर देतात. त्यांचे सव्वादोनशे ते अडीचशे झटके मारल्याशिवाय चाक उभं राहत नाही.

मग मोठाच पंप बरा, असं कुणी म्हणेल. थांबा. पंपाची नळी जितकी रुंद, तितका तो शेवटी शेवटी जड लागतो. टायरात 45 पौंड हवा असताना 20 मिलिमीटर रुंदीच्या बारीक पंपाचा दांडा दाबायला सुमारे 10 किलोचा जोर लागतो. 32 मिलिमीटरच्या मोठ्या पंपाला तो 25 किलो लागतो. मोठ्या पंपावर आपण अंगाचा भार टाकतो म्हणून ते जाणवत नाही. पण वाटेत हातात धरून मारायचा पंप रुंद असला तर तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला शेवटचे वीस झटके जमायचे नाहीत. म्हणून वाटेवरचा पंप बारीक नळीचा आणि लांब असावा. लांबीमुळे हवा पुरेशी येते, बारीकपणामुळे जोर कमी लागतो. जुन्या घाटाच्या पुष्कळ सायकलींना सांगाड्यावर पंप अडकवायला दोन खुंट्या असत आणि त्यांच्यामध्ये असाच लांब पंप बसे. ज्यांनी ते मोजमाप ठरवलं त्यांना पायी सायकल ढकलायची हौस नसावी!

तर माझं मत असं: फाट्यापासून आत राहणाऱ्यानं, रोज शाळेला किंवा दूध घेऊन जाणाऱ्यानं, हा दांड्याचा हातभर पंपच घ्यावा. वीतभर पंप दिसायला छान, पण अडीचशे झटके उन्हात मारून बघा म्हणजे कळेल. अगदीच जागा नसेल तर घ्यावा, नाही असं नाही. पंप घेताना त्याला लवचीक रबरी नळी आहे ना, ते पाहा. नळी नसलेला पंप थेट व्हॉल्व्हवर दाबून धरावा लागतो. हात हलला की व्हॉल्व्हचा दांडा ट्यूबपासून फाटतो, आणि तिथं ठिगळ बसत नाही.

आणखी एक पाहायचं, ते पंपाचं तोंड. मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला वेगळं तोंड लागतं. तो श्रेडर व्हॉल्व्ह, त्याचं पेटंट 1893 सालचं. आता काही नव्या गियरच्या आणि लहान मुलांच्या सायकलींनाही तो येतो. शर्यतीच्या सायकलींचा तिसराच, बारीक तोंडाचा असतो. दुकानात पंप घ्यायला जाताना सायकल घेऊन जा आणि तिथंच लावून बघा. शेजाऱ्याचा पंप आपल्याला चालेल असं समजून परगावी निघू नका.

पंप मारायची एक रीत आहे. दांडा पूर्ण बाहेर ओढा आणि पूर्ण आत दाबा. पुष्कळजण थकले की अर्धे अर्धे झटके मारतात. त्यानं घाम येतो, पण हवा जात नाही. कारण पंपातली हवा टायरातल्या हवेपेक्षा जास्त दाबली गेली तरच व्हॉल्व्हचं रबर उघडतं. अर्ध्या झटक्यात ती नुसती पंपातल्या पंपात आकसते आणि पुन्हा फुगते. पंप तापला तर घाबरू नये, दाबलेली हवा तापतेच. आणि दांडा सळसळ आत-बाहेर होतो पण हवा येत नाही, असं झालं तर पंप टाकून देऊ नका. झाकण उघडा, आतला वाटीसारखा वॉशर पाहा. चामड्याचा असला तर तो उन्हाळ्यात वाळून आकसतो. तेलाचे दोन थेंब सोडा, बोटानं कडा जरा फाकवा, पंप पुन्हा बोलू लागेल.

दाब मोजायला वाटेत काट्याचं घड्याळ कुठून आणणार? आणि आपल्या व्हॉल्व्हच्या रबरामुळे ते नीट दाखवतही नाही. अंगठा हेच आपलं घड्याळ. दोन्ही अंगठ्यांनी टायर कडेनं दाबला तर जेमतेम दबावा, आणि सायकलवर बसल्यावर खालचा भाग किंचितच फुगलेला दिसावा. कमी हवेवर दगडावरून सायकल घातली की रिम ट्यूबला चावते, शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. कॅरियरवर ज्वारीचं पोतं असेल तर हे हमखास घडतं.

इथं मुलांना एक गंमत सांगण्यासारखी आहे. मोटारीच्या टायरात हवा 30 ते 35 पौंड, आणि आपल्या हडकुळ्या सायकलीत त्याहून जास्त! कारण सायकलचं टायर अरुंद आहे. स्वार धरून 80 किलो वजन असेल आणि टायरात 45 पौंड हवा असेल, तर दोन्ही चाकं मिळून जमिनीला टेकतात ती जागा 25 चौरस सेंटीमीटर, म्हणजे पाच सेंटीमीटर बाजूच्या चौकोनाएवढी. तेवढ्यावर आपण सगळा संसार घेऊन चाललेलो असतो.

यावरून पेट्रोलपंपावरच्या हवेची गोष्ट. ती फुकट मिळते, पण सायकलवाल्यानं सांभाळून घ्यावी. त्या यंत्राच्या टाकीतला दाब 100 पौंडांच्याही वर असतो, आणि आपली अडीच लिटरची ट्यूब पापणी लवेपर्यंत भरते. नळी लावली आणि गप्पा मारत उभे राहिलात तर फटाका ठरलेला. टप्प्याटप्प्यानं, क्षणभर लावून, अंगठ्यानं दाबून पाहत भरा. शिवाय तिथल्या नळीचं तोंड मोटारीच्या व्हॉल्व्हचं असतं. आपल्या व्हॉल्व्हसाठी मध्ये छोटा पितळी तुकडा बसवावा लागतो, तो तिथं असतोच असं नाही. सायकल दुरुस्तीच्या दुकानात असतो.

शहरातले हौशी सायकलस्वार हल्ली दोन नव्या सोयी वापरतात. एक म्हणजे वायू भरलेलं बोटाएवढं लोखंडी नळकांडं. सोडावॉटरमध्ये असतो तोच कार्बन डायॉक्साइड त्यात 16 ग्रॅम दाबून भरलेला असतो. तोंड बसवून फिरवलं की दोन-चार सेकंदांत चाक उभं! शर्यतीत वेळ वाचवायला हे ठीक. आपल्याला मात्र परवडणारं नाही. 16 ग्रॅम वायू म्हणजे साधारण 9 लिटर, आपलं एक टायर त्यानं 35-40 पौंडांपर्यंत कसंबसं भरतं, आणि नळकांडं एकदाच कामाचं. ठिगळ नीट बसलं नाही तर पैसेही गेले आणि हवाही गेली. हा वायू रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, म्हणून दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा मऊ. वायू सुटताना नळकांडं इतकं गार पडतं की त्यावर बर्फ धरतो, उघड्या हातानं धरलं तर कातडी चिकटते. दुसरी सोय बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या पंपाची. तो काम चांगलं करतो, म्हाताऱ्या माणसाला उपयोगी आहे. पण तो आठवणीनं चार्ज करावा लागतो, आणि ज्या दिवशी आठवण राहत नाही त्याच दिवशी सराटा लागतो. घेतलाच तर आपल्या व्हॉल्व्हचं तोंड त्याच्याबरोबर आहे का, ते विचारून घ्या.

आणि जवळ काहीच नसलं तर? चाक बसलेलं असताना वर बसून चालवू नका. रिम वाकते, ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो, आणि पाच रुपयांच्या दुखण्याचे पाचशे होतात. हातात धरून चालणं बरं. अगदी अडचण असली, रात्र पडत असली, तर जुनी युक्ती आहे. टायरची एक कड रिमबाहेर काढून ट्यूब बाजूला काढावी आणि टायरात वाळलं गवत किंवा कडब्याची पाती गच्च कोंबून कड परत बसवावी. बैलगाडीसारखी खडखड होईल, पण हळूहळू दोन-चार किलोमीटर निभतं. ज्या जॉन बॉइड डनलॉपनं 1888 साली बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर करून पेटंट घेतलं, त्याला हे पाहून काय वाटलं असतं कोण जाणे! तो पेशानं जनावरांचा डॉक्टर. चाऱ्याचा हा उपयोग त्याला रुचला असता असं मला वाटतं. अशाच टायराचं पेटंट रॉबर्ट थॉमसन नावाच्या गृहस्थानं 1845 सालीच घेतलं होतं, हे पुढे उघडकीला आलं आणि डनलॉपचं पेटंट टिकलं नाही, तो भाग वेगळा.

शाळांना माझी एक सूचना आहे. शाळेत एक मोठा, उभा पंप असावा, आणि तो कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता व्हरांड्यात साखळीनं बांधून ठेवावा. जवळ एका डबीत वॉलट्यूबची वावभर नळी, एक पाना, ठिगळं आणि सोल्यूशनची ट्यूब. आमच्याकडे आम्ही हे केलं. शनिवारी अर्ध्या तासाच्या तासाला मुलींनी स्वतः पिन काढून रबर चढवायचं, मुलांनी झटके मोजून फळ्यावर मांडायचे. पहिल्या शनिवारी एका मुलीनं रबर उलटीकडून चढवलं आणि सगळी हवा तिच्याच तोंडावर सुटली. वर्ग पंधरा मिनिटं हसत होता. दुसऱ्या शनिवारी तीच इतरांना शिकवत होती. झटक्यांच्या आकड्यात मात्र आमचा हिशेब चुकला: तीसऐवजी एक्केचाळीस झटके लागले. मुलांनी शोध घेतला तेव्हा पंपाच्या नळीला तोंडाजवळ बारीक चीर सापडली. तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली, आणि आकडा तेहतिसावर आला.